टोकाला उभा असलेला मुलगा

मा. संपादक,
स. न.

काल रविवारच्या पुरवणीत निवासी फुटबॉल अकादमीचं पानभर कौतुक वाचलं. वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे पत्र.

लेखासोबत मुलांचा मोठा फोटो आहे. मागच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला उभा असलेला मुलगा बघा. त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखाली निळी पट्टी चिकटवलेली आहे. तुमच्या प्रतिनिधीनं तिथली हिरवळ पाहिली, रात्रीचे दिवे पाहिले, जेवणाचा तक्ता पाहिला, परदेशी प्रशिक्षकाची मुलाखत घेतली. पण त्या मुलाला "तुला काय झालंय रे बाळा?" असं कुणी विचारल्याचं लेखात कुठंच दिसत नाही. बाकीच्यांचं त्या पट्टीकडे लक्षही गेलं नसेल. मला फोटोत आधी तीच दिसली, कारण माझ्या मुलाच्या गुडघ्यावर तसली पट्टी वर्षभर होती.

आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की आमच्याकडं दुपारचं जेवण अकरालाच उरकतं. मुलगा चालायला लागला तो चेंडूच्या मागंच. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि आपला अनिकेत जाधव भारताच्या संघातून खेळला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही. तेराव्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या एका अकादमीनं त्याची निवड केली. तिचं नाव लिहीत नाही, माझी तक्रार त्या एकट्या अकादमीपुरती नाही. वर्षाची फी दोन लाख दहा हजार. पतसंस्थेतून कर्ज काढलं, माझ्या पाटल्या मोडल्या. त्याचं मला आजही काही वाटत नाही. त्याच्या गुडघ्याचं वाटतं.

दर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं फोन मिळायचा. "आई, बरं हाय," एवढंच बोलायचा. दुसऱ्या वर्षी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. सगळी मुलं दोन्ही पायांवर ताठ उभी होती आणि हा सगळा भार डाव्या पायावर टाकून उभा होता. पुढच्या रविवारी विचारलं, तर म्हणाला, "दुखतंय जरा. सगळ्यांचंच दुखतंय."

मग मी इथल्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेले, नुसता फोटो घेऊन. त्यांनी जे सांगितलं ते तुमच्या वाचकांसाठी लिहिते, कारण असं पोर पेठेतल्या प्रत्येक गल्लीत सापडेल. वाढीच्या वयात मुलाचं हाड भराभर लांबतं. मांडीचा स्नायू आणि गुडघ्याच्या वाटीखालचा जाड दोर तेवढ्या वेगानं लांबत नाही. धावताना, उडी मारताना, चेंडूला पाय मारताना हा दोर नडगीचं वरचं टोक सारखं ओढत राहतो आणि तिथलं हाड अजून कच्चं असतं. मग ते सुजतं, हात लावू देत नाही, सुपारीएवढी गाठ येते. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बारा ते पंधरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांमध्ये तो अगदी नेहमीचा त्रास आहे. बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. पळणं कमी करायचं, बर्फ लावायचा, मांडीचे ताण काढायचे आणि धीर धरायचा. वाढ थांबली की बहुतेकांचं थांबतं. माझ्या मुलाची उंची त्या एका वर्षात अकरा सेंटिमीटर वाढली होती, हे तिथं कुणी मोजलं होतं की नाही, देव जाणे.

म्हणजे त्याला हवी होती फक्त विश्रांती. तीच तिथं मिळत नव्हती. दिवसातून दोन वेळा सराव, शिवाय जिम आणि शनिवारी सामना. सामन्याआधी एक गोळी. दुखतंय म्हणून सांगायला गेला, तर प्रशिक्षक म्हणाले, "दर्द है तो घर जाओ." ते रागानं म्हणाले नसतीलही. पण घरच्यांनी कर्ज काढलंय हे ज्या चौदा वर्षांच्या पोराला माहीत आहे, तो हे ऐकल्यावर पुन्हा तोंड उघडेल का? त्यानं नाही उघडलं. वर्षभर पट्टी लावून खेळला.

गेल्या वर्षी मे महिन्यात ग्रुपवर यादी आली. पुढच्या हंगामासाठी कायम ठेवलेल्या मुलांची. त्यात याचं नाव नव्हतं. फोन नाही, पत्र नाही. वसतिगृहात एका फोनभोवती सगळ्या पोरांनी मिळून ती यादी वाचली. ज्यांची नावं नव्हती त्यांचं किट दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेतलं. दोन मोठ्या मुलांबरोबर तो मिरजेपर्यंत रेल्वेनं आला. आम्ही दोघं स्टेशनवर होतो. गाडीतून उतरल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "पप्पा चिडलेत काय?"

त्याला काढलं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शंभरातले पाचच पुढं जाणार हे आईलाही कळतं. पण ज्या पोराला दोन वर्षं तुम्ही सांभाळलंत, त्याला समोर बसवून दोन वाक्यं बोलायला कितीसा वेळ लागतो? त्याला नेमकं कशामुळं काढलं, खेळ कमी पडला की गुडघा, हे आजही आम्हाला माहीत नाही. तो मात्र अजून त्याचा विचार करत बसतो.

शाळेचं तर विचारू नका. तिथल्या शाळेत नाव होतं, परीक्षेपुरतं जाणं होतं. दाखला वेळेवर आला नाही, दहावीला इथं प्रवेश मिळाला नाही, शेवटी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवला. तुमच्या लेखात 'शिक्षणाचीही उत्तम सोय' असं एक वाक्य आहे. कोणती शाळा, किती तास, दहावीचा निकाल काय, हे प्रतिनिधीनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लेखातले प्रशिक्षक म्हणतात की तेराव्या वर्षी घर सोडलं नाही तर उशीर होतो. हे वाक्य आमच्या घरानं खरं मानलं, त्याची किंमत वर लिहिली आहे. म्हणून त्याला उत्तर देते. जपानचा मितोमा घ्या, ब्रायटनकडून खेळणारा. २०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध रेषेवरून चेंडू आत वळवणारा तोच. अठराव्या वर्षी त्याच्या क्लबनं त्याला वरच्या संघात यायला सांगितलं होतं. तो नको म्हणाला, त्सुकुबा विद्यापीठात गेला, पदवी घेतली, ड्रिब्लिंगवर, म्हणजे पायात चेंडू खेळवत पुढं नेण्यावर, प्रबंध लिहिला आणि मग व्यावसायिक झाला. त्याच देशाचे नाकामुरा आणि होंडा या दोघांनाही क्लबच्या युवा संघांनी वरच्या वयोगटात घेतलं नव्हतं. दोघं शाळेच्या संघातून खेळले आणि तिथून देशाच्या संघापर्यंत पोचले. तिथं काढून टाकलेल्या मुलाला जायला शाळेचं मैदान असतं. फुकुशिमाची त्यांच्या फुटबॉल संघटनेची अकादमी २००६ साली सुरू झाली, तिथली मुलं वसतिगृहात राहत असली तरी शिकायला गावातल्या साध्या शाळेत जातात. आशियातल्याच देशाचं हे आहे, युरोपचं नाही.

आणखी एक गोष्ट मला कळत नाही. अठरा वर्षांच्या आतल्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर फिफाची बंदी आहे, थोडेच अपवाद आहेत. याच नियमाखाली स्पेनच्या बार्सिलोना क्लबवर २०१४ साली कारवाई झाली. तिथल्या कोरियन मुलांना अठरा पूर्ण होईपर्यंत अधिकृत सामने खेळता येईनात आणि दहाव्या वर्षी तिथं गेलेल्या जपानच्या कुबोला २०१५ मध्ये मायदेशी परतावं लागलं. त्या मुलांवर अन्याय झाला असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण लहान पोर घरापासून इतक्या लांब एकटं नको, हे तरी त्या नियमानं मानलं. माझा मुलगा दीड हजार किलोमीटर लांब गेला, तिथली भाषा त्याला येत नव्हती, जेवण वेगळं होतं. पण मध्ये देशाची सीमा नव्हती, म्हणून त्याला तो नियम लागू नाही. अकादमीतल्या प्रत्येक अल्पवयीन मुलाची माहिती देशाच्या फुटबॉल संघटनेला कळवायची, असंही फिफाच्या नियमांत आहे. माझ्या मुलाची कळवली होती का, हे मी दोनदा पत्र लिहून विचारलं. दोन्ही पत्रांना उत्तर नाही.

तो परत आल्यावर महिनाभरात एका एजंटाचा फोन आला. युरोपात ट्रायल लावून देतो, साडेचार लाख भरा. पोर्तुगालमध्ये २०२३ च्या जूनमध्ये एका अकादमीवर छापा पडला, बाहेरच्या देशांतून आणलेली बरीच मुलं तिथं सापडली, त्यांचे पासपोर्ट काढून घेतले होते, हे मी वाचलेलं होतं म्हणून फोन ठेवला. जिनं वाचलेलं नाही ती आई काय करेल? अशा बातम्या तुम्ही पहिल्या पानावर का छापत नाही?

आणि जायचं तरी कुठं? २०२५-२६ च्या हंगामात इंडियन सुपर लीग, म्हणजे देशातली सगळ्यात वरची स्पर्धाच, वेळेवर सुरू झाली नाही. काही क्लबांनी मुख्य संघाचं काम थांबवलं, खेळाडूंचे पगार थांबले. ज्या वाटेला तुमचा लेख राजमार्ग म्हणतो, तिच्या शेवटी ही स्थिती आहे. हे त्या पानावर एका ओळीत तरी यायला हवं होतं.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. स्टेडियमवर समर्थकांची हाणामारी झाली की तुम्ही चार कॉलम देता. गेल्या महिन्यात मुलींचे सामने झाले, त्याची बातमी तीन ओळींची. त्यातही गोल करणाऱ्या माझ्या भाचीचं आडनाव चुकलेलं. तिनं तरी कात्रण जपून ठेवलंय. पुढच्या वेळी नाव विचारून घ्या, एवढंच सांगणं आहे.

माझ्या मुलाला शेवटी पेठेतल्या तालमीनंच जवळ केलं. आमच्याकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात. तिथं संघाला शिकवणारे भाऊ दिवसा वर्कशॉपमध्ये काम करतात, त्यांच्याकडं कसलं मोठं प्रमाणपत्र नाही. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला कट्ट्यावर बसवलं, दोन्ही गुडघे दाबून बघितले, डॉक्टरांचा कागद वाचून घेतला आणि मला म्हणाले, "वहिनी, सहा म्हैनं मी ह्याला मॅच खेळू देणार न्हाई. तुम्ही शिव्या घातल्या तरी न्हाई." सहा महिने त्यांनी त्याला बारक्या पोरांना शिकवायला लावलं. शंकू मांडायचे, चेंडूत हवा भरायची, हजेरी घ्यायची. रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून मांडीचे व्यायाम. मधे एकदा तो हट्टानं मैदानात उतरला, तर भाऊंनी सामना थांबवून त्याला बाहेर काढलं. त्या दिवशी तो घरी येऊन रडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच रडला. मला बरं वाटलं.

आता तो खेळतो. गाठ तशीच आहे, दुखत नाही. पुढं काय होणार मला माहीत नाही.

माझी विनंती एकच आहे. त्या अकादमीत तुमचा प्रतिनिधी पुन्हा जाईल तेव्हा त्यानं फोटोतल्या टोकाच्या मुलाला शोधावं. प्रशिक्षक जवळ नसताना, त्याच्या स्वतःच्या भाषेत, गुडघा कधीपासून दुखतोय हे विचारावं. नाव छापू नका. फक्त त्याच्या आईला कळवा.

आपली नम्र,
एका खेळाडूची आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(मुलासाठी माझं नाव प्रसिद्ध करू नये.)