सूचना: मिशनच्या पाहुण्यांचा निरोप

प्रभूमध्ये प्रिय मंडळी, सलाम.

पाहुणे सोमवारी पहाटे निघतील. संभाजीनगरचं विमानतळ जालन्याहून 50 किमीच्या आसपास, म्हणून गाडी 4 वाजताच चर्चच्या फाटकाशी उभी राहील.

शनिवारी सकाळी 8 ला त्यांना बेथेलला नेऊ. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ते गाव दाखवल्याशिवाय त्यांना कसं पाठवायचं? रविवारी उपासनेनंतर वसतिगृहात जेवण: ज्वारीची भाकरी, येसर आमटी. ठेचा वेगळा ठेवा, त्यांना सोसत नाही.

एक कळकळीची विनंती. त्यांच्याकडून वसतिगृहासाठी कुणीही रोख पैसे घेऊ नयेत, प्रेमाने दिले तरी. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या मुख्य शाखेच्या खात्यातूनच घेता येते. एकाच्या चुकीने सगळं वसतिगृह अडचणीत येईल. असं कुणी विचारलं तर पंचांकडे पाठवा.

काल आपल्या धाकट्या मुलींनी एका पाहुण्या मावशींच्या हातावर मेंदी काढली. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी मेंदी वाळेपर्यंत सगळ्या पायरीवर बसून होत्या. रविवारी मुलींना पुढच्या रांगेत बसवा.

टाळ-पेटी आणणाऱ्यांनी अर्धा तास आधी यावे.

– मंडळीचे सचिव