गुडघे का टेकायचे हे समजावून सांगणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, रागावू नका.

कन्फर्मेशनच्या, म्हणजे मुलं मोठी झाल्यावर मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करतात त्याच्या तयारीच्या, क्लासमधल्या एका मुलीने मला विचारलं होतं की आपण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घेताना पुढे जाऊन गुडघे टेकतो, पण माझ्या आजोळच्या चर्चमध्ये सगळे बाकावर बसूनच घेतात, मग बरोबर कोण? आता आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपूरला झाली तीच मुळी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा कितीतरी मंडळ्या एकत्र येऊन, त्यामुळे दोन्ही पद्धती चालतात एवढं मला माहीत होतं, पण "चालतं गं" म्हणून पोरीला गप्प करणं काही पटेना. मग तुम्हाला फोन लावला. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी तुम्ही तासभर बोललात आणि दुसऱ्या दिवशी जुन्या प्रार्थना पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवलेत, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारून.

रिफॉर्मेशन, म्हणजे सोळाव्या शतकातली चर्चच्या सुधारणेची चळवळ, म्हटलं की मला ल्यूथर आणि दरवाजावरचे ते प्रबंध एवढंच आठवायचं. इंग्लंडमध्ये तीच लढाई रविवारच्या उपासनेत, एकेका वाक्यावरून झाली हे तुमच्यामुळे कळलं. इंग्लंडचा आर्चबिशप क्रॅनमर, त्याच्या १५४९ च्या प्रार्थना पुस्तकात भाकर देताना प्रीस्ट म्हणतो, "आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचं शरीर, जे तुझ्यासाठी दिलं गेलं, ते तुझं शरीर व आत्मा सार्वकालिक जीवनासाठी राखो." यावर जुन्या कॅथलिक मताचा बिशप गार्डिनर, जो तेव्हा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता, तो म्हणाला की भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते ही माझी जुनी शिकवण मला यात सापडते! क्रॅनमरला तर तेच नको होतं. १५५२ च्या पुस्तकात ते वाक्यच गेलं आणि त्याजागी आलं, "ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या स्मरणार्थ हे घे आणि खा, आणि विश्वासाने, उपकारस्तुतीसह, आपल्या अंतःकरणात त्याचं सेवन कर." दगडी वेदीऐवजी लाकडी टेबल, भाकरसुद्धा घरी जेवणात असते तशी साधी चालेल, आणि उरलेली भाकर प्रीस्टने स्वतःच्या वापराला घ्यावी अशी सूचना! ही शेवटची ओळ तुम्ही दोनदा वाचून दाखवलीत, आणि खरंच, भाकरीचं शरीरात रूपांतर होत नाही हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्या एका सूचनेतून जास्त स्पष्ट होतं. ख्रिस्त तिथे आहे, पण त्याला घ्यायचं ते विश्वासाने.

एवढं सगळं बदललं आणि गुडघे टेकणं मात्र राहिलं. स्कॉटिश सुधारक प्रचारक जॉन नॉक्सने त्याविरुद्ध आवाज उठवला, गुडघे टेकले की लोक भाकरीचीच आराधना करतात असं त्याचं म्हणणं होतं, शास्त्रात असं कुठे लिहिलंय? क्रॅनमर ठाम राहिला, म्हणाला की मग उभं राहणं किंवा बसणं तरी कुठे लिहिलंय. पुस्तक १ नोव्हेंबरला लागू व्हायचं होतं, छपाई सुरू झालेली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस राजा एडवर्डच्या कौन्सिलने घाईघाईने एक खुलासा त्यात घालायला लावला: आपण गुडघे टेकतो ते नम्रतेने, ख्रिस्ताने जे दिलं त्याबद्दल कृतज्ञता म्हणून, भाकरी-द्राक्षारसाची आराधना म्हणून नाही.

पुढच्याच वर्षी राजा एडवर्ड वारला, कॅथलिक राणी मेरी आली, पुस्तक बंद झालं आणि १५५६ साली क्रॅनमरला ऑक्सफर्डला जाळलं. तिच्यानंतरच्या राणी एलिझाबेथच्या १५५९ च्या पुस्तकात दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ एक जोडली गेली आणि तो खुलासा काढला, मग १६६२ मध्ये शब्दांत थोडा बदल करून तो परत आला. मला विचाराल तर ती दोन वाक्यं जोडणं हे फार शहाणपणाचं काम झालं. प्रभू देतो हेही त्यात आहे आणि आपण विश्वासाने घ्यायचं हेही. काही लोक याला नुसती तडजोड म्हणतात, मला नाही तसं वाटत.

क्लासमध्ये मी तुमचे फोटो प्रिंट काढून वाटले आणि मुलांना ती दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचायला लावली. मग त्या मुलीला सांगितलं की तुझ्या आजोळचे बसतात ते भाकरीची पूजा होऊ नये म्हणून आणि आपण गुडघे टेकतो ते उपकार मानायला, दोघांनाही ख्रिस्तच हवाय. ती म्हणाली, मग आजीकडे गेले की मी बसूनच घेईन, आणि इथे गुडघे टेकेन. मला हे उत्तर फार आवडलं, तुम्हालाही आवडेल म्हणून मुद्दाम कळवतेय.

पाळकसाहेब, तुम्ही चाळीस वर्षं मंडळीची सेवा केलीत, आता विश्रांती घ्या म्हणायला हवं, पण मला अजून हवंय तुमच्याकडून. मुलांना आता अँग्लिकन चर्चच्या विश्वासाच्या एकोणचाळीस कलमांमधलं अकरावं कलम घ्यायचंय, आपण आपल्या कर्मांनी नाही तर फक्त विश्वासाने नीतिमान ठरतो ते. डॉक्टरांनी परवानगी दिली की एका रविवारी उपासनेनंतर याल का? रिक्षा पाठवते, आणि आईला सलाम सांगा, त्यांनी त्या दिवशी फोन इतका वेळ चालू दिला त्याबद्दल त्यांचेही खूप आभार.

आपली,
संडे स्कूलवाली