काकू, नाव छापू नको म्हणालात म्हणून हे जाहीर पत्र

प्रिय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही पीठ चाळता चाळता म्हणालात, "अजिबात नको. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं, कधी मध्ये आले नाही. आता कशाला?" तुमचा शब्द मी मोडणार नाही. नाव कुठेही येणार नाही. आभार मात्र मला चारचौघांतच मानायचे आहेत.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आले, ती दहा मिनिटांच्या कामासाठी. शिवाजीनगर कोर्टात तुम्ही स्टेनो होतात एवढंच आईकडून कळलं होतं. मी लिहीत असलेल्या रहस्यकादंबरीसाठी सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूचा वकील प्रश्न विचारतो तो) कधी संपतो आणि समोरच्या वकिलाचा उलटतपास कधी सुरू होतो, इतकंच विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, "आधी वाचायला दे, मग सांगते." चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. "अगं, तुझा इन्स्पेक्टर केस हरणार आहे."

माझ्या रहस्यकथेचा शेवट पोलिस चौकीतल्या कबुलीवर उभा होता. आरोपी रडतो, सगळं सांगतो, कादंबरी संपते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही ती तरतूद आहे. पण तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला तेवढाच भाग ग्राह्य धरतात, हेही समजावलंत. आरोपी पुढे, मागे पोलिस आणि दोन पंच, आणि हा कुठे नेणार ते जीपमधल्या कुणालाच ठाऊक नाही. "बघ, तुझं रहस्य तर इथे आहे," असं म्हणून तुम्ही चहा टाकायला उठलात. मी शेवटची साठ पानं फाडली. त्या जागी जीप आली, आणि पंच म्हणून रस्त्यावरून उचलून आणलेला पानटपरीवाला आला. वाचकांची पत्रं येतात ती त्याच प्रकरणाबद्दल.

पण खरं ऋण याच्याही पुढचं आहे.

सत्र न्यायालयात साक्ष प्रश्नोत्तरांत लिहून घेत नाहीत, हे तुम्ही मला जुन्या टाचणवहीवर लिहून दाखवलंत. वकील विचारतो, साक्षीदार सांगतो, न्यायाधीश त्याचं सलग निवेदन करून सांगतात आणि स्टेनो तेच उतरवते. प्रश्न पुसला जातो. एखादा फारच महत्त्वाचा असला तरच जसाच्या तसा राहतो. वकील विचारतो, "तुम्ही त्या रात्री घरी नव्हताच ना?" कागदावर येतं, "मी त्या रात्री घरी नव्हतो हे म्हणणे खरे नाही." आणि उलटतपासाच्या शेवटी बहुतेक वेळा ते ठरलेलं वाक्य असतं, "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." तुम्ही म्हणालात, "वाचणाऱ्याला उत्तरच दिसतं गं. प्रश्न त्याच्या मागे उभा असतो, तो ऐकू यायला हवा."

त्या दिवशी मी लक्ष्मी रोडवरून चालत घरी गेले आणि रस्ताभर प्रत्येक माणसाच्या बोलण्यामागचा प्रश्न शोधत होते. दुकानदार म्हणाला, "नाही हो ताई, कालचाच माल आहे," तर त्याच्याआधी कुणी काय विचारलं असेल? रहस्य लिहिताना लेखकाला काहीतरी दडवावं लागतं, हे मी ऐकून होते. उत्तर समोर ठेवून प्रश्न दडवता येतो, हे मला तुमच्याकडे कळलं. संशयित न विचारताच खुलासा करू लागला की वाचक आपोआप सावध होतो. आता मी संवाद आधी प्रश्नांसकट लिहिते आणि मग प्रश्न खोडत जाते. खोडल्यावर जे उरतं ते बहुधा बरं असतं.

प्रेमकथेतही तेच निघालं, याचं मला आजही नवल वाटतं. माझी दोघं झेड ब्रिजवर उभी होती आणि दीड पान एकमेकांना मन उलगडून सांगत होती. तुम्ही पेन्सिल घेऊन म्हणालात, "ही दोघं एकमेकांपुढे सरतपास देतायत. कोर्टात देतात असा. घरात कोण देतं?" आणि दीड पानातलं एकच वाक्य ठेवलंत. तो गाडी चालू करताना तिला म्हणतो, "स्कार्फ नीट बांध, कर्वे रोडला धूळ आहे." बाकी सगळ्यावर आडवी रेघ. मी आधी खट्टू झाले, वाद घातला, रागानं वही उचलून गेले. आठवड्यानं ते पान पुन्हा वाचलं तेव्हा त्या एका वाक्यानं डोळे भरून आले. "तू मला आवडतेस" कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि ते सगळ्या पानावर पसरलं होतं.

आणि मग सत्य गुन्हेकथा. त्याबद्दल लिहिताना हात अजून जड होतो.

पुण्याला हादरवणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर एक प्रकरण लिहायला घेतलं होतं. त्या दिवसांत तुम्ही कॉलेजात होतात. संध्याकाळ झाली की दारं लागायची, बेल वाजली तरी आतून दहा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी कडी काढत नसे, असं तुम्ही सांगितलंत. मी सुरुवात केली होती ती मारेकऱ्यांपासून. नायलॉनची दोरी, गाठी, पद्धत. मला वाटत होतं, वाचक इथे खुर्चीला खिळेल. तुम्ही तीन पानं वाचून चष्मा काढलात आणि विचारलंत, "जानेवारी ७६ ते मार्च ७७, दहा माणसं गेली. दहांची नावं सांग."

मला मारेकऱ्यांची सगळी नावं येत होती. १९७८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात ती अमलात आली, हेही तोंडपाठ होतं. गेलेल्यांतली मात्र सहाच आठवली. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात पाच जीव गेले, त्यांतली चार अभ्यंकरांच्या घरातली माणसं. पाचव्या तिथे काम करणाऱ्या सकूबाई वाघ. "त्यांचं आडनाव खटल्याच्या नावात नाही," तुम्ही म्हणालात, "म्हणून तुझ्या प्रकरणातही नाही." तुमचा आवाज चढला नव्हता. मी मान खाली घालून बसले होते.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. दोरीच्या गाठी काढून टाकल्या, कारण त्यातून कुणालाच काही कळत नाही, फक्त अंगावर काटा येतो. दहाही नावं पहिल्या पानावर आली. ज्या घरांत आजही त्या माणसांचे फोटो भिंतीवर असतील, त्या घरांतल्या कुणी पुस्तक उघडलं तर ते पान त्यांना वाचता येईल का, असा प्रश्न मी आता प्रत्येक परिच्छेदाला विचारते. उत्तर नाही आलं तर परिच्छेद जातो.

तुम्ही स्वतः टाइप केलेल्या एकाही खटल्यातलं नाव-गाव मला कधी सांगितलं नाहीत. मी खोदून विचारलं तरी नाही. फक्त एकदा, पावसात वीज गेली होती तेव्हा, एका पंचनाम्यातली ओळ सांगितलीत. दारातून आत गेल्यावर उत्तरेस स्वयंपाकाचा ओटा, त्यावर स्टीलच्या ताटात अर्धवट निवडलेली मेथी. पंचनामा लिहिणाऱ्यानं त्यात "बिचारी" लिहिलं नव्हतं, "भीषण" लिहिलं नव्हतं. दिशा, वस्तू, ताट, मेथी. पंचाच्या साक्षीत ती ओळ उतरवून घेताना तुमचा हात थांबला आणि साहेबांनी वर पाहिलं, एवढंच तुम्ही बोललात. मग वीज आली आणि तुम्ही विषय बदललात.

काकू, मी विशेषणं वापरणं कमी केलं ते त्या संध्याकाळपासून.

लोक मला विचारतात, हे सगळं कुठे शिकलात, कुठली कार्यशाळा केलीत? मी सांगते, सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, एका डगमगत्या टीपॉयपाशी. तुम्ही फी घेतली नाहीत. दिवाळीला साडी आणली तर परत पाठवलीत. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी तीन आठवडे डबा मात्र तुमच्याच घरून आला, आणि डब्यासोबत प्रकरण सातची खुणा केलेली पानंही.

नव्या कादंबरीची पहिली चाळीस पानं तयार आहेत. स्पायरल केलेली नाहीत, सुटी आहेत, कारण तुम्हाला एकेक पान मांडीवरच्या पाटीवर घेऊन खुणा करायच्या असतात. मार्जिनही डावीकडे मोठं ठेवलंय. गुरुवारी चार वाजता येते.

तुमची,
तिसऱ्या गल्लीतली