लस घ्या, पण दहा दिवस आधी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील परदेश प्रवासाच्या तयारीवरचा लेख वाचला. बॅग, विमा, परकीय चलन यांची माहिती नेमकी आहे. लसीला मात्र एकच ओळ मिळाली, ती खटकली. तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, या गोव्यात तरी ती पुरेशी नाही.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस घेतली, की तिचे प्रमाणपत्र लगेच ग्राह्य होते असा समज आहे. ते दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. माझा भाचा नोकरीच्या मुलाखतीसाठी पाच दिवस नैरोबीला गेला. लस घेतली होती निघण्याच्या आदल्या दिवशी! परतताना मुंबईला उतरल्यावर त्याला विलगीकरणात ठेवले. पीतज्वराच्या देशातून ग्राह्य प्रमाणपत्राविना येणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत असे ठेवतात. तिकीट काढून देणाऱ्या एजंटने याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. ही लस वास्कोला मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते. शिवाय जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आजन्म चालते. दर दहा वर्षांनी लस टोचून घेण्याची गरज उरलेली नाही.

हिवतापाचे मात्र कोणी प्रमाणपत्र मागत नाही, म्हणून त्याच्या गोळ्या विसरल्या जातात. त्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही, औषधानुसार एक ते चार आठवडे, घ्याव्या लागतात. घरी पोचताच डबी फेकणारे मी पाहिले आहेत.

पुढील लेखात या तारखांची चौकट द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा