एकाएकी आलेला भ्रम आणि औषधांची पिशवी

महोदय,

परवापर्यंत हिशेब चोख ठेवणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, रात्री भिंतीवर माणसे दिसतात म्हणतात. घरातले म्हणतात, 'आता वय झाले.' हा समज जिवावर बेतू शकतो. स्मृतिभ्रंश सहसा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत बिघाड झाला, सकाळी बरे आणि संध्याकाळी भलतेच बोलणे असे चढउतार दिसले, तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे एकाएकी आलेला भ्रम, असतो आणि त्यामागे शरीरातले काहीतरी बिघडलेले असते. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्यांना तो अधिकच लवकर गाठतो. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष जाते. घास तोंडात धरून निपचित पडलेला रुग्ण मात्र 'शांत आहे' म्हणून दुर्लक्षित राहतो.

रुग्णाला मधुमेह असेल तर सर्वात आधी ग्लुकोमीटरने साखर बघावी. ७० (मिग्रॅ/डेसिली) च्या खाली गेलेली साखर वृद्धांत घाम, थरथर काहीही न दाखवता नुसता गोंधळ घडवू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू, जेवण कमी आणि मूत्रपिंड अशक्त, असे असेल तर साखर एकदा वर आणली तरी पुन्हा उतरते. म्हणून रुग्णालयात न्यायलाच हवे.

मग औषधे. चिठ्ठीवरची, दुकानातून परस्पर आणलेली, सगळी एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. सर्दीच्या साध्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, तसेच नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीवरचे ऑक्सिब्युटिनिन, कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधे वृद्ध मेंदूला गोंधळात टाकतात, शिवाय लघवी अडवतात आणि बद्धकोष्ठ करतात. अल्प्राझोलामसारखी रोजची झोपेची गोळी अचानक बंद झाली तरीही भ्रम होतो. रक्तदाबासाठी दिलेल्या थायझाइड गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधे रक्तातले सोडियम १३५ या किमान पातळीच्या बरेच खाली नेऊ शकतात. ते घाईने चढवणेही घातक असते, तेव्हा घरी मीठ-पाणी पाजत बसू नये.

पोट तपासायला फार जण विसरतात. थेंब थेंब लघवी गळते म्हणून 'होतेय' असे वाटते, प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून उतू जात असते. बेंबीखाली फुगीर, दुखरा भाग लागतो आणि सोनोग्राफीत किती लघवी साचली ते कळते. आतड्यात मलाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. त्याला जुलाब समजून ते थांबवायची गोळी दिली जाते आणि खडा आणखी घट्ट बसतो.

लघवीच्या तपासणीत जंतू सापडले की बहुतेक ठिकाणी शोध थांबतो. आम्हाला हीच सर्वात मोठी चूक वाटते. वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या लघवीत कोणताही आजार नसताना जंतू असू शकतात. जळजळ, ताप यांपैकी काही नसेल तर दुसरे कारण शोधत राहिलेच पाहिजे. न्यूमोनिया वृद्धांत ताप-खोकल्याविनाही येऊ शकतो; पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत, २५ च्या वर गेले तर तातडीने दाखवावे. हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो, म्हणून ईसीजी काढावा. काही आठवड्यांपूर्वी किरकोळ पडणे झाले असेल, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याचा सीटी स्कॅन टाळू नये, कारण कवटीखाली रक्त सावकाश साचत जाते.

रुग्णालयात नेताना चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि ती औषधांची पिशवी बरोबर घ्यावी. गेल्या आठवड्यात माणूस स्वतःचे काय काय करत होता आणि बिघाड कोणत्या दिवशी सुरू झाला, हे कागदावर लिहून द्यावे. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी त्याला पूर्वी कधी पाहिलेले नसते.

– ज्येष्ठांच्या वैद्यकीय सेवेतील काही वाचक