मोर्चा दिसला की खोलीवर जायचं

सातारा,
9 सप्टेंबर 2024

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

गणपती बसायच्या आत निघून गेलीस. उद्या गौरी यायच्या, आणि आई तुझ्यावरचा राग डब्यांवर काढते आहे. मेडिकल कॉलेज सुरू झालं, बांगलादेशच्या पंतप्रधान हसीना 5 ऑगस्टलाच पळाल्या, आता ढाका शांत आहे, हे सगळं मान्य. तरी मोर्चा दिसला की खोलीवर जायचं. एवढंच सांगायला लिहितोय.

आज वडूजला हुतात्म्यांना नमस्कार करून आलो. भांडताना तू म्हणालीस, "आबा 1942 च्या मोर्चात गेले त्याचं कौतुक, आणि मी मोर्चातल्या जखमींना पट्ट्या बांधल्या तर आगाऊपणा?" उत्तर अजून सुचलेलं नाही. आबा तेव्हा बारा वर्षांचे. परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे होते, कचेरीपाशी गोळ्या सुटल्या. आबा घरी पोचले तसं त्यांच्या आजीनं त्यांना कणगीमागे बसवून वर पोतं टाकलं. त्या म्हातारीचं कौतुक मात्र आपल्या घरात कुणी करत नाही.

जुलैत माझ्या हातात तेवढंही नव्हतं. रंगपूरला हात पसरून उभ्या राहिलेल्या अबू सईद या विद्यार्थ्यावर पोलिसांनी छर्रे झाडले, तो व्हिडिओ तूच पाठवलास. 18 तारखेला इंटरनेट बंद. सरकारी नोकऱ्यांतला 1971 च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा 30 टक्के कोटा कमी करा, एवढंच पोरांचं म्हणणं. कोर्टानं 21 ला तो 5 वर आणलाच ना? मग आधी बोलायला काय झालं होतं? पण पंधरा वर्षं खुर्चीवर बसलेल्याला प्रश्न विचारणारा पोरगा म्हणजे शत्रूच वाटतो, आणि मग... असो. व्याख्यान झालं, माफ कर. फोनवर "हं, हं" करतेस तसं इथेही कर.

रस्त्यावर नको, हॉस्पिटलात थांब, असं मी सांगत होतो. आणि 15 जुलैला छात्र लीगवाले, म्हणजे हसीनांच्याच पक्षाची पोरं, ढाका मेडिकलच्या इमर्जन्सीत शिरून जखमी पोरांना मारत होते! आता कुठे थांब म्हणू?

पट्ट्या बांधल्यास ते चांगलं केलंस. वरच्या काकांना दोनदा सांगून झालं, तुला आत्ता सांगतोय. पण मोर्चा दिसला की खोलीवर. पांढरा कोट घालून बाहेर फिरू नकोस. किंवा घालच, डॉक्टर म्हणून सोडतील. मला कळत नाही.

लँडलाइन काढणार होतो, राहू दिलाय. नंबर पाठ कर. फीचा हप्ता शुक्रवारी भरतो.

बाबा