मन्या, तुझ्या टर्नला 'गाभ्रीचा पाऊस' लाव

अमरावती,
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "पुढच्या शनिवारी सिनेमा निवडायची पाळी माझी आहे, कुणी पाहिला नसेल असा एक मराठी सांग, पण भारी पाहिजे" एवढंच सांगायला केवढं बोललास बे. व्हॉट्सअॅपवर उत्तर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून सरळ मेल लिहायला घेतलाय, लांबणारे हे आधीच सांगतो, चहा घेऊन बस.

आधी तुझ्या त्या 'कुणी पाहिला नसेल' वर येतो. मला ही अटच पटत नाही यार. कुणी पाहिला नाही हा सिनेमाचा गुण कधीपासून झाला? असे शेकडो आहेत आणि त्यातले बरेचसे कुणी पाहिले नाहीत तेच बरं झालं. आपल्या हॉस्टेलवर तो एक होता ना, नाव घेत नाही, दर वेळी असलं काहीतरी शोधून आणायचा की अर्धी पोरं झोपायची आणि उरलेली पोरं जागी असल्याचं नाटक करायची, आणि वर हा विचारणार, कसा वाटला. हंगेरीच्या बेला टारचा सात तासांहून मोठा सिनेमा एका रात्रीत दाखवायचा त्याचा प्लॅन आठवतो का? तो सिनेमा थोर असेल, आहेच, पण त्याला सिनेमा दाखवायचा नव्हता, आपण काय काय पाहिलंय ते दाखवायचं होतं. दर शनिवारी मिळून सिनेमा बघणाऱ्या तुझ्या त्या बंगळूरच्या मंडळींसमोर तू हे करू नकोस एवढंच माझं म्हणणं.

आणि ती मंडळी साधी नाहीत हे तूच सांगितलंस. मल्याळी जोडपं आहे, ते त्यांच्याकडच्या अरविंदनचे सिनेमे लहानपणापासून बघत आलेत, घरमालक कन्नड, त्यांना कासारवल्लींचा 'घटश्राद्ध' पाठ असणार, एक बंगाली मॅडम आहेत त्यांचं तर काही विचारूच नको. मराठीतलं त्यांनी 'सैराट' पाहिलाय, 'फँड्री' पाहिलाय, 'कोर्ट' पाहिलाय. म्हणजे आता तुला वाटतंय की मराठीची लाज राखायची जबाबदारी माझ्यावर आली. नाही आली. तू झेंडा घेऊन जाऊ नकोस, सिनेमा घेऊन जा.

माझी एक साधी टेस्ट आहे. सिनेमा एका वाक्यात सांगायचा आणि समोरच्याने "मग?" म्हटलं पाहिजे. फेस्टिव्हल नाही, अवॉर्ड नाही, डायरेक्टर कोण ते पण नाही, फक्त गोष्ट. "मग?" आलं की लाव.

या टेस्टवर मी चार-पाच सिनेमे घासून बघितले काल रात्री. पहिला आठवला तो '२२ जून १८९७', नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा, १९७९ चा. चाफेकर बंधू आणि रँडचा खून. हा खरंच फार कमी लोकांनी पाहिलाय, आणि तुझ्या घरमालकांना सांग की याच्या लिखाणात त्यांच्या कन्नडमधल्या शंकर नागचा हात होता, ते खुर्चीतून उठतील. पण मी पाहिलेली कॉपी इतकी अंधुक होती की गणेशखिंडीच्या रात्रीच्या सीनमधे कोण कुणाला गोळी घालतोय हे इतिहास माहीत असलेल्यालाच कळावं. शिवाय प्लेग, टिळक, पुण्यातलं तेव्हाचं वातावरण, हे सगळं तुला आधी अर्धा तास समजावून सांगावं लागेल आणि तू समजावून सांगायला लागलास की काय होतं ते मला माहितीये.

मग 'विहीर'. उमेश कुलकर्णीचा, २०१० ला रिलीज झालेला, आणि गंमत म्हणजे प्रोड्यूस केला होता अमिताभच्या कंपनीने. दोन मावसभाऊ, सुट्टी, लग्नाचं घर आणि ती विहीर. माझा फार लाडका आहे रे हा, पण तो मोठ्या पडद्यावर अंधारात बघायचा सिनेमा आहे, त्यातली शांतता ऐकू यावी लागते. तुमच्याकडे प्रोजेक्टर हॉलमधल्या भिंतीवर आणि खालच्या रोडवर रात्री अकरापर्यंत हॉर्न. ठेवून दे, कधीतरी थिएटरला लागला तर ने त्यांना.

'दिठी'वर मात्र मी खूप वेळ अडकलो. सुमित्रा भावेंचा शेवटचा. त्या गेल्या १९ एप्रिल २०२१ ला आणि महिन्याभराने मे मधे हा सोनी लिव्हवर आला, सगळं जग तेव्हा ऑक्सिजन सिलिंडर शोधत होतं, कोण बघणार. दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवर आहे. तेच मोकाशी, 'पालखी' लिहिणारे. एका वाक्यात सांगतो: ज्याचा तरणाताठा मुलगा पुरात वाहून गेलाय त्या वारकरी लोहाराला भर पावसात अडलेली गाय सोडवायला बोलावणं येतं. मग? आलं ना तोंडात! दीड तासाच्या आत संपतो, किशोर कदमने रामजी असा केलाय की हा माणूस आयुष्यभर भाताच कुटत आलाय असं वाटावं. तरी मी थांबलो. कारण त्यातला राग कळायला तीस वर्षं वारी करणं म्हणजे काय हे अंगात असावं लागतं, विठ्ठलावर रुसणं हे आपल्याला सांगावं लागत नाही, तुझ्या मंडळींना सांगावं लागेल. तू आणि वहिनी दोघंच बघा तो एखाद्या रविवारी. आईंना पण दाखव.

तर राहिला तो, जो मी वर टायटलमधेच फोडून ठेवलाय. 'गाभ्रीचा पाऊस', म्हणजे आमच्या वऱ्हाडीत 'मेला पाऊस', सतीश मनवरचा, २००९.

वाक्य ऐक. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय, आता आपला नवरा पण तेच करेल या भीतीनं बायको आपल्या लहान पोराला बापाच्या मागे पाळतीवर लावते.

बस. एवढंच सांगायचं इन्व्हिटेशनमधे. 'शेतकरी आत्महत्या' हे दोन शब्द टाकलेस तर मन्या मी तुझ्याशी बोलणार नाही, कारण ते शब्द वाचले की लोक चेहरा सरळ करून येतात, सगळे एकदम जबाबदार नागरिक होतात आणि हसायचं विसरतात. आणि हा सिनेमा हसवतो! त्याचीच तर मजा आहे. किस्नाला, म्हणजे त्या नवऱ्याला, काही पत्ताच नाही. तो आपला त्याच्या तंद्रीत, पेरणी कशी करायची, पैसा कुठून आणायचा, आणि हे कार्टं मागे मागे, शेतात जा तर मागे, गावात जा तर मागे. घरी आलं की बायको गोडधोड करून वाढतेय, आई डोळ्यात तेल घालून बघतेय. सगळं घर त्याच्यावर एवढं प्रेम का करायला लागलंय हेच बिचाऱ्याला कळत नाही. आणि तू हसत असतोस आणि हसता हसता तुझ्या लक्षात येतं की या घरातली प्रत्येक वस्तू तू पण आता त्या बाईच्या नजरेने बघतोयस. शेतकऱ्याच्या घरात काय असतं सांग, दोर असतो, फवारणीचं औषध असतं, बाहेर विहीर असते, झाड असतं. रोजच्या वस्तू आहेत रे त्या. पण एकदा का ती भीती डोक्यात शिरली की नवऱ्याने बैलासाठी दोर उचलला तरी काळजात धस्स.

कॅमेरा सुधीर पलसाने, 'विहीर'चा पण त्यांचाच. काम करणारी मंडळी तर तुझ्या लोकांना ओळखीची निघतील, त्यांना फक्त नावं माहीत नाहीत. किस्ना म्हणजे गिरीश कुलकर्णी, 'दंगल'मधला तो खडूस कोच म्हण, लगेच पेटतील. त्याची आई म्हणजे ज्योती सुभाष, 'गली बॉय'मधली आजी. बायको सोनाली कुलकर्णी, 'दिल चाहता है'वाली सोनाली, दुसरी नव्हे, हे तुला दर वेळी सांगावं लागतं. तिचं काम बघ तू, संशय, लाड, चिडचिड सगळं एकाच वेळी चेहऱ्यावर, आणि कुठेही 'मी किती सोसतेय' हा भाव नाही. पुण्यामुंबईच्या नट्या खेडूत बाई करायला लागल्या की डोक्यावरचा पदरच जास्त अॅक्टिंग करतो, इथे तसं नाही.

आता तू म्हणशील एवढा चांगला आहे तर लोकांनी पाहिला का नाही. माझा आपला अंदाज सांगतो. एक म्हणजे विषय. २००६ च्या जुलैमधे मनमोहन सिंग आमच्याकडे येऊन गेले, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आमची अमरावती पण होती, तेव्हापासून दोन-तीन वर्षं रोज पेपरात तेच, आकडे, मोर्चे, समित्या. लोकांना वाटलं हे आपण रोज वाचतो, तिकीट काढून परत कशाला बघायचं. आणि दुसरं म्हणजे 'पीपली लाइव्ह'. तो आला २०१० च्या ऑगस्टमधे, आमिर खानचं नाव, ते महंगाईचं गाणं, आणि या विषयावरचा विनोदी सिनेमा म्हणून देशाच्या डोक्यात तोच बसला. मला तो आवडतो, वाईट बोलणार नाही. पण दोन्ही लागोपाठ बघ एकदा. तिकडे सगळं जग एका माणसाच्या मरणाची वाट बघत त्याच्या दारात येऊन बसलंय, टीव्हीवाले, पुढारी, कलेक्टर. इकडे दारात कुणीच येत नाही. एक बाई, एक म्हातारी आणि एक पोरगं, एवढीच काय ती यंत्रणा. मी या भागात राहतो म्हणून सांगतो, टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅन आलेली गावं मी फार पाहिली नाहीत, पण ही अशी गुपचूप चालणारी राखण मला माहिती आहे. आमच्या बँकेत कर्जाच्या चौकशीला माणूस येतो ना, तेव्हा बरेचदा सोबत बायको किंवा थोरला मुलगा असतो, बोलत काहीच नाहीत, नुसते शेजारी उभे.

आणि पाऊस. नावातच आहे म्हटल्यावर. तुझ्या कन्नड घरमालकांना हे पटकन कळेल, कोरडवाहू कुठलीही असो गणित तेच. आत्ता हे लिहितोय तर आमच्या चौकातल्या कृषी केंद्रासमोर सकाळपासून रांग आहे, कपाशीच्या बियाण्याचं पावणेपाचशे ग्रॅमचं पाकीट, पाहिजे ती कंपनी मिळत नाही म्हणून कटकट, आणि रांगेतला प्रत्येक जण थोड्या थोड्या वेळाने मान वर करून बघतोय. ढग आहेत. पण ढग काय, ढग असतातच. टोबणी केली, म्हणजे बी मातीत टोचून लावलं, आणि पाऊस दडी मारून बसला की बियाणं गेलं, मग दुबार पेरणी, म्हणजे परत पाकीट, परत पैसे, परत कुणापुढे तरी हात. सिनेमात हेच आहे, आणि पाऊस येतो तेव्हा तोही असा येतो की नको रे बाबा. मनवरनं कुठेही भाषण ठोकलेलं नाही, सावकार मिशीवर ताव देत नाही, सरकारला शिव्या नाहीत. फक्त कामं दाखवलीत, एकामागून एक, आणि प्रत्येक काम म्हणजे एक जुगार. यावर तुमच्याकडे भांडण होईल बघ, बंगाली मॅडम म्हणतील राजकारण कुठाय यात. होऊ दे. मला स्वतःला पण मधला थोडा भाग सैल वाटतो, गावातल्या इतर मंडळींचे एकदोन सीन नसते तरी चाललं असतं. शेवटाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, आणि तू पण आधी विकिपीडियावर जाऊन बघू नकोस, तुझी खोड आहे ती.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस. वऱ्हाडी आहे, सबटायटल असलेली कॉपी बघ म्हणजे झालं. माझ्याकडे डीव्हीडी आहे, तुमच्या घरात ती लावायला काही उरलंय का ते सांग, असेल तर कुरिअर करतो. नसेल तर मी इकडे कुणाला तरी विचारून ठेवतो, पण आधी पूर्ण कॉपी शेवटपर्यंत चालवून बघ, ऐन वेळी सबटायटल मागेपुढे झाली तर विनोदाचा पार बट्ट्याबोळ.

अजून दोन गोष्टी. सुरुवातीला इंट्रो देऊ नकोस. खरंच नको. रॉटरडॅमच्या फेस्टिव्हलला गेला होता वगैरे नंतर कुणी विचारलं तर सांग. आणि मधे इंटरव्हल करून चहा-भजी आणू नकोस, जेवण सिनेमा झाल्यावर ठेव. वहिनींना जमलं तर पुरणपोळी करायला सांग, का ते सिनेमा बघितल्यावर कळेल, आणि त्यांना वेळ नसेल तर तूच कर लेका, हॉस्टेलवर मेसचा महाराज पळाला होता तेव्हा पोळ्या तूच लाटल्या होत्यास.

शनिवारी रात्री झाल्यावर फोन कर, कितीही वाजू दे. कोण काय म्हणालं ते सगळं पाहिजे मला, विशेषतः घरमालक. आणि पुढच्या वेळी कुणाची पाळी आहे तेही सांग, ते मल्याळी जोडपं काय निवडतंय याची मला आत्तापासून उत्सुकता आहे, नाव कळलं की मी पण इकडे बघून ठेवतो.

आईंना नमस्कार सांग, छोटीला पापा.

तुझाच,
बंड्या

ता. क. तुझ्याकडे माझी 'पालखी' आहे मोकाशींची, कॉलेजपासून. 'दिठी' बघितलास की ती पण वाच आणि मग परत पाठव. परत पाठव हे महत्त्वाचं.